जोडीतली डावी डिस्क

ती डिस्क मी बाहेर काढली होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आमच्या मालकांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. सहा वर्षं झाली. त्या डिस्कपायी आमच्या कचेरीचे तीन आठवड्यांचे नकाशे वाया गेले, दोष दुसऱ्याच माणसाने आपल्या अंगावर घेतला, आणि मी तो घेऊ दिला. तेवढ्यावर भागलं असतं तर मी पुढेही गप्पच राहिलो असतो, माझा स्वभावच तसा. पण त्या दिवशी मी एक शब्द बोललो, आणि तो शब्द त्या माणसाच्या घरात अजून मुक्कामाला आहे. तो शब्द सांगण्याआधी ते गृहस्थ कसे होते ते सांगायला हवं.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. अलिबागेत आमच्या मालकांची खाजगी मोजणीची कचेरी आहे. वाड्या, भातखाचरं, खाजणाच्या, म्हणजे खाऱ्या दलदलीच्या, कडेच्या जमिनी मोजायच्या आणि नकाशे करून द्यायचे, हे काम. नकाशांचं टेबल माझ्याकडे, मशीनं, म्हणजे कॉम्प्युटर, काकांकडे. आधी ते एका कारखान्यात उपकरणांच्या दुरुस्तीला होते. निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आले. घर थळला. तिथून जुन्या मोपेडवरून यायचे. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. वरच्या खिशात पेन नसायचं. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांड्याचा छोटा आरसा असायचा. मशीन न हलवता त्याच्या पाठीवरचे नंबर वाचायला तो लागतो, म्हणायचे. पण चालवायचे तो सगळीकडे. मालकांनी कचेरीत नवा सोफा आणला तेव्हा तो मुंबईच्या मोठ्या दुकानातला आहे असं चार लोकांसमोर सांगत होते. काकांनी वाकून सोफ्याखाली आरसा धरला आणि शांतपणे म्हणाले, "उल्हासनगर."

कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायची, मग वापरायची, ही त्यांची रीत. लग्नाच्या पंगतीला बसले की पान वाढायच्या आत ताट उचलून खाली बघायचे. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात, कुणी कुणाला, कशाप्रीत्यर्थ. ते वाचून झाल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. एकदा पोयनाडला एका लग्नात आम्ही शेजारी बसलो होतो. ताट बघून ते म्हणाले, "हे बघ. यावर दोन नावं आहेत. आधी कुणा आत्याने भाच्याला दिलेलं, मग त्याच भाच्याने दुसऱ्याच्या लग्नात पुढे ढकललं. नवं नाव घातलं, जुनं घासलं नाही. उद्या भांडण झालं तर ताट कुणाचं?"

मी म्हटलं, "काका, वरण गार होतंय."

"होऊ दे. आमच्या धंद्यात अगदी हेच होतं."

आणि त्यांनी ते दाखवूनही दिलं. पनवेलच्या एका दुकानदाराने आम्हाला एक वापरलेली डिस्क रिकामी म्हणून दिली होती. मशीनला लावली तर मशीन म्हणायला लागलं, ही एकटी नाही, हिचा जोडीदार कुठे आहे? मी म्हटलं, डिस्क बिघडलेली दिसते, परत करू. काकांनी ऐकलं नाही. पाऊण तास खटपट करून डिस्कच्या अगदी शेवटच्या टोकाला लिहिलेली एक नोंद त्यांनी काढली. त्यात जुन्या मशीनचं नाव होतं, कुठल्याशा फोटो स्टुडिओचं. "बिचाऱ्याने विकायच्या आधी पुसली, पण सुरुवात तेवढी पुसली," ते म्हणाले. "शेवटी काय लिहिलंय ते बघायला कुणी जात नाही." मग त्यांनी दोन्ही टोकं साफ केली, रजिस्टरात तारीख-वेळ लिहिली, आणि दुसऱ्या दिवशी पनवेलला फोन करून त्या दुकानदाराला डिस्क कशी पुसायची याचं सव्वीस मिनिटं व्याख्यान दिलं. सव्वीस मिनिटं हेही रजिस्टरात आहे.

ते रजिस्टर म्हणजे त्यांचा जीव. हात लावलेली प्रत्येक गोष्ट त्यात असायची. स्क्रू बदलला, लिहिलं. मुंगी दिसली, लिहिलं. मी चेष्टेत विचारलं होतं, "काका, शिंकलात ते लिहिलंत का?" तर म्हणाले, "मशीनवर शिंकलो असतो तर लिहिलं असतं."

घरी याहून कडक शिस्त. काकींच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याला त्यांनी चिठ्ठी लावलेली, पण बुडाला. झाकणावर नाही, पोटावर नाही, बुडाला. मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा काकी एका हाताने साखरेचा डबा डोक्यावर धरून खालून वाचत होत्या.

"बघ रं," मला म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून मी अशी वर तोंड करून सयपाक करते. शेजारणी बोलतात, बाई देवाचं नाव घेते का डाळ शोधते?"

काका आतूनच म्हणाले, "झाकणं बदलतात. परवा रव्याचं झाकण मिठाच्या डब्यावर होतं की नाही?"

"व्हतं. मी उघडून बघितलं, मीठ हाय. माझे डोळे हायेत की."

"डोळे आहेत म्हणून तर लोक वाचत नाहीत."

काकींचा सगळा संसार असा भांडत, हसत चाललेला. त्यांना नवऱ्याचा अभिमान होता आणि तो त्या तक्रारीच्या सुरातच सांगायच्या.

अमावास्येचीही एक गंमत. मशीनवरच्या सगळ्या नकाशांची वेगळी प्रत काका महिन्यातून एकदा काढून ठेवायचे, तीही नेमकी अमावास्येला. मालकांना हे बिलकुल पसंत नव्हतं. "काका, चांगला दिवस बघा की एखादा. अमावास्येला कुणी चांगलं काम करतं का?" काका म्हणाले, "करत नाही ना? म्हणूनच. त्या दिवशी तुम्ही नवी मोजणी धरत नाही, गिऱ्हाईक येत नाही, मशीन दिवसभर मोकळं. शिवाय थळला राहून अमावास्या विसरायची म्हटलं तरी विसरता येत नाही, उधाणाचं पाणी दारात सांगायला येतं." दर अमावास्येला प्रत निघत राहिली.

आता कचेरीचे सगळे नकाशे ज्यावर असायचे त्या मशीनचं. हे मला काकांनीच शिकवलं, आणि मोजणीवाल्याला समजेल अशा भाषेत शिकवलं, म्हणून मी तसंच सांगतो.

डिस्क म्हणजे जमीन. तिच्यावर थरावर थर बसतात, आणि प्रत्येक थर आपल्या वाट्याच्या जमिनीतून चार बोटं जागा आधी स्वतःसाठी कापून घेतो. तिथे तो आपली ओळख लिहितो: मी कोण, माझी लांबी किती, माझ्या सोबत कोण. उरलेली जमीन वरच्याला देतो. वरच्याला वाटतं, मला मिळाली तीच सगळी. जसं आपण रस्त्याची रुंदी कापून उरलेला प्लॉट गिऱ्हाइकाच्या नावावर मोजून देतो तसं. मोठ्या मशीनवर असे चार-पाच थर असतात. आमच्याकडे सुटसुटीत काम होतं. खाली दोन डिस्क, डावी आणि उजवी. त्यांच्यावर जोडीचा थर: जे लिहाल ते दोन्हीकडे एकदमच लिहायचं, म्हणजे एक मेली तरी दुसरी जिवंत. आणि जोडीवर फायलींचं घर.

जोडीच्या थराने आपली ओळख कुठे लिहायची, सुरुवातीला की शेवटाला, हे बसवणाऱ्याला ठरवता येतं. बहुतेक जण सुरुवातीला लिहितात. काकांनी शेवटाला लिहिली होती. का, म्हणून मी विचारलं होतं.

"तुझ्यासाठी," ते म्हणाले.

"माझ्यासाठी?"

"मी काय जन्मभर पुरणार आहे? उद्या मी नसलो, मशीनही नसलं, तर तू काय करशील? ओळख शेवटाला असली की डिस्कची सुरुवात साध्या डिस्कसारखी दिसते. जोडीतली कुठलीही एक उचलायची, तुझ्या मशीनला लावायची, नकाशे समोर. कुणाला विचारायला नको." मग बोट वर केलं. "फक्त वाचायला. ही सोय आहे ना, हाच तिचा धोका आहे. तुझं मशीन शेवटापर्यंत बघायला जाणार नाही. त्याला कळणारच नाही की ही कुणाची तरी जोडीदार आहे. तिथे तू एक रेघ जरी ओढलीस, तरी ती एकीकडेच राहील, आणि दुसरीला पत्ता लागणार नाही."

त्यासाठी त्यांनी एक जोडपेटी, म्हणजे सुटी डिस्क बाहेरून मशीनला जोडायची पेटी, आणली होती, तिला लिहिणं बंद करायचं बटण होतं. आणि दोन्ही डिस्कच्या शेवटच्या कडेला आपल्या मोत्यासारख्या अक्षरात पट्टी चिकटवलेली: "जोडीतली आहे. एकटी लिहायला लावू नये."

हे सगळं मला पाठ होतं. कळत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

त्या बुधवारी सकाळी मशीनमधून जळका वास आला. आमच्याकडची खारी हवा तांबं, लोखंड काही सोडत नाही. वीज पुरवणारा भाग गेला होता. काकांनी वास येताक्षणी मशीन नीट, रीतसर बंद केलं, रजिस्टरात लिहिलं आणि पिशवी उचलून पनवेलला गेले. पिशवीत ती जोडपेटीही गेली. संध्याकाळी त्यांचा फोन आला, भाग शुक्रवारी मिळेल, तोवर बहिणीकडे राहतो.

गुरुवारी मांडव्याला बोटीने मुंबईचं गिऱ्हाईक उतरणार होतं. जागेवर उभं राहून शेजाऱ्यासमक्ष हद्द ठरवायची होती. मालक माझ्या टेबलाशी आले. "नकाशा पाहिजे."

"मशीन बंद आहे."

"ते मला दिसतंय. तू एवढी वर्षं काकांच्या मागे मागे फिरतोस, तुला काहीच येत नाही का?"

मला येत होतं. ते जेवायला गेल्यावर मी चार स्क्रू काढले, डावी डिस्क ओढली, माझ्या खणातली साधी, ते बटण नसलेली जोडपेटी घेतली आणि माझ्या मशीनला लावली. काकांनी सांगितल्याप्रमाणे नकाशे समोर. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. नकाशा छापला, जागेवर गेलो. तिथे शेजारी-शेजारी समजुतीने बोलले आणि बांधाचा एक कोपरा हातभर सरकवायचं ठरलं.

कचेरीत येऊन ती दुरुस्ती मी कुठे करावी? माझ्या मशीनवर प्रत काढून त्यात करता आली असती, कुणाचं काही बिघडलं नसतं. पण नकाशे काढणाऱ्याचा हात वेगळा तयार झालेला असतो. कागदाच्या दिवसांपासून आम्हाला एकच शिकवलेलं: दुरुस्ती मूळ नकाशावर, प्रतीवर कधीही नाही. प्रतीवर केली की दोन नकाशे होतात आणि दोन नकाशे झाले की कोर्ट होतं. मी दोन नकाशे होऊ नयेत म्हणून मूळ नकाशावर दुरुस्ती केली. मूळ म्हणजे ती डावी डिस्क. आणि एकदा चालतंय म्हटल्यावर शुक्रवार दुपारपर्यंत मी तिच्यावरच आणखी सहा-सात नकाशे पुढे नेले. माझ्या धंद्यातला चांगला नियम मी त्यांच्या धंद्यात नेऊन ठेवला, आणि ज्या दोन नकाशांना भीत होतो ते तिथेच तयार केले.

तीन वाजता काकांचा फोन आला, वडखळ गेलं, येतोय. मी डिस्क काढली, जागेवर बसवली, स्क्रू आवळले. एक सांगायला हवं: तेव्हाही मी त्यांना सांगणारच होतो. ते आल्यावर चहा पाजायचा आणि सांगायचं, असं मनात होतं. ओरडले असते. मग त्यांनी उजवीवरून डावी पुन्हा लिहून काढली असती, माझ्या दोन दिवसांच्या दुरुस्त्या बाजूला काढून ठेवून. संध्याकाळचं काम होतं.

पण ते आले तेव्हा मालकही मागोमाग येऊन दारात उभे राहिले. काकांनी नवा भाग बसवला, आणि सुरू करायच्या आधी सवयीने आरसा आत घातला.

"डावीची पट्टी उलटी आहे," ते म्हणाले. "डिस्क कुणी काढली होती का?"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मला काहीच येत नाही का, असं कालच म्हणालेले मालक. आणि माझ्या तोंडून निघालं, "तुम्हीच काढलीत की काका, सोमवारी पंखा साफ करताना. विसरलात?"

विसरलात. हाच तो शब्द.

त्यांनी आरसा पुसून खिशात ठेवला. "मी काढली होती?"

"हो."

"मग असेल," म्हणाले, आणि मशीन सुरू केलं.

मशीनने दोन्ही डिस्कच्या शेवटी जाऊन बघितलं. तिथे जोडीने एक आकडा लिहिलेला असतो. जोडीत काही हललं की तो दोन्हीकडे सारखा पुढे सरकतो. एकीचा मागे राहिला असेल तर मशीन ओळखतं की ही शिळी आहे, आणि दुसरीवरून भरून काढतं. पण माझं मशीन शेवटाकडे फिरकलंच नव्हतं. आकडा दोन्हीकडे तोच. मशीनने मान डोलावली: दोघी सारख्या. आणि फायलींचं घर उघडताना आपल्या दारावरची नवी नोंद दोन्हीकडे लिहिली, त्यात डावी कुठे जाऊन आली याची खूणही पुसली गेली.

पुढच्या आठवड्यात कचेरीत भुताटकी झाल्यासारखं झालं. वाचायचं असलं की मशीन कधी डावीला विचारायचं, कधी उजवीला. सकाळी उघडलेल्या नकाशात कोपरा सरकलेला, दुपारी तोच कोपरा जुन्या जागी. मग काही नकाशे उघडेनात. काही अर्धे उघडत, खालचं शेत एका गावचं आणि वरचं दुसऱ्या. नवीन लिहिलेलं दोन्हीकडे जुन्यावर बसत होतं, गुंता वाढत होता. चौथ्या दिवशी काकांनी मशीन थांबवलं आणि दोन्ही डिस्क एकमेकींशी ताडून पाहिल्या.

"ही जोडी राहिलेली नाही," ते म्हणाले. मग मला बाजूला घेऊन अगदी हळू विचारलं, "एकटी लावली होतीस का कुठे? लावली असलीस तर आता सांग, मी रागावणार नाही. मला फक्त कळलं पाहिजे."

"नाही, काका."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता की संशय घ्यायला एकच माणूस उरला.

त्यांनी रजिस्टर उघडलं. सोमवार: पंखा साफ केला. डिस्क काढल्याचा शब्द नाही. त्यांनी ते पान उलटून पाठही पाहिली. "काढली असेल, जोडून काहीतरी तपासलं असेल, बटण दाबायला विसरलो असेन, ते सगळं होतं माणसाकडून," ते म्हणाले. "पण लिहिलं कसं नाही?"

त्यांच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं, हे मला माहीत होतं. साठीनंतर हळूहळू सगळं गेलं. शेवटी शेवटी घराचा रस्ता विसरून समुद्रावर बसून राहायचा आणि काका त्याला हात धरून आणायचे. काकांना जगात भीती फक्त त्या एका गोष्टीची होती. मला ते ठाऊक होतं, आणि मी ते पान बघत शेजारी उभा होतो.

मागच्या अमावास्येची प्रत होती म्हणून कचेरी तरली. मधल्या तीन आठवड्यांचं सगळं पुन्हा मोजावं लागलं. आमची माणसं उन्हातान्हात पुन्हा त्याच बांधांवर गेली. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, वय झालं आता. आराम करा." काकांनी सगळी मशीनं मला नीट समजावून दिली, प्रत्येकाच्या पाठीवर काय लिहिलंय ते सांगितलं, चाव्या टेबलावर ठेवल्या आणि गेले.

मग मी त्यांच्याकडे जाणं टाळत राहिलो. थळचं काम निघालं की दुसऱ्याला पाठवायचो. दोन महिन्यांपूर्वी टाळता आलं नाही, त्यांच्याच आळीतली वाडी मोजायची होती. काकींनी मला रस्त्यात पकडलं.

"काय रं, रस्ता विसरला का? चल घरात."

घरात जागोजाग चिठ्ठ्या होत्या. डब्यांच्या बुडाला नव्हे. भिंतीवर, दारावर, ओट्यावर. सात दहा, गॅस बंद केला. सात पंधरा, गॅस बंद आहे हे पाहिलं. सात वीस, पुन्हा पाहिलं. काका खुर्चीत बसलेले, मनगटाची बटणं तशीच लावलेली. मोपेड विकून टाकली होती. बाजारात एकटे जात नव्हते. मुलगा-सून पुण्याहून आलेली, त्यांची सहा महिन्यांची मुलगी सतरंजीवर पालथी पडून हातपाय मारत होती.

"हिला अजून उचलली न्हाय ह्यांनी," काकी म्हणाल्या. "एकदा पण न्हाय. सांग तू तरी."

"उचलायचं आणि कुठेतरी ठेवून विसरायचं," काका म्हणाले. "नको."

"काय विसरता? मुंबैच्या डॉक्टरनी दोनदा तपासलं. बोलला, काकी, यांची याद माझ्यापेक्षा बरी हाय. कागद हाय लेखी."

"डॉक्टरला काय माहीत? तो होता का तिथे?" काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हा होता."

मी चहाचा घोट घेतला. काका पुढे झुकले. "तो आकडा मला अजून आठवतो. दोन्ही डिस्कच्या शेवटी होता तो. चोपन्न हजार तीनशे अठ्ठावीस. दोन्हीकडे तोच. आकडा आठवतो, पट्टी उलटी होती ते आठवतं, तू कुठे उभा होतास ते आठवतं. डिस्क काढल्याचं तेवढं आठवत नाही. तेवढंच भोक पडलंय. एक खरं सांग. त्याच्या आधीही मी विसरायचो का? तू रोज बरोबर असायचास."

तिथे सांगायला हवं होतं. मुलगा होता, सून होती, काकी होत्या. एक वाक्य होतं. मी म्हणालो, "थोडंफार, काका. वयाने होतंच."

त्यांनी मान हलवली, कुणी आपलं जुनं निदान पक्कं करून द्यावं तशी. काकी मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. पोरीने सतरंजीवरून सरकत येऊन काकांच्या पायाचा अंगठा धरला, आणि त्यांनी पाय सावकाश मागे घेतला.

त्या दिवसापासून मला चैन नाही. मी वाईट माणूस आहे असं मला वाटत नाही. भेकड आहे, आणि भेकडपणाला वेळ मिळाला की तो वाईटपणाइतकंच काम करतो. सहा वर्षांपूर्वीचं खोटं भीतीने, क्षणात निघालं होतं. दोन महिन्यांपूर्वीचं मी चहा पीत, विचार करून बोललो. पहिल्याने त्यांची नोकरी गेली. दुसऱ्याने मी त्यांना त्यांच्याच घरात परका करून आलो, आणि डॉक्टरचा लेखी कागदही माझ्या साक्षीपुढे टिकला नाही.

म्हणून सरळ लिहितो. सोमवारी काकांनी फक्त पंखा साफ केला होता. रजिस्टरात लिहिलंय तेवढंच, आणि तसंच. डावी डिस्क गुरुवारी मी काढली, दोन दिवस तिच्यावर लिहिलं, शुक्रवारी परत लावली. पट्टी माझ्या हातून उलटी गेली. त्यांच्या डोक्यात कुठलंही भोक पडलेलं नाही. जे घडलंच नाही ते त्यांना आठवत नाही, एवढंच आहे.

हे इथे लिहिलं म्हणजे त्यांना सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. थळला जाऊन, काकींसमोर, मुलासुनेसमोर, आणि मालकांना सोबत नेऊन, हे मी त्यांच्या तोंडावर सांगायचं आहे. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.